रत्नागिरीत काय पाहावं, काय करावं? समुद्र नसलेल्या शहरातून निघणाऱ्यांसाठी दोन दिवसांची पूर्ण माहिती

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला पाणी म्हटलं की आठवतो तो पैठणचा नाथसागर. शाळेची सहल वेरूळ, दौलताबाद, अजिंठ्याला जाते. समुद्र मात्र बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलेला असतो तो मुंबईला नातेवाइकांकडे गेल्यावर किंवा गणपतीपुळ्याच्या सहलीत. दिवाळीची सुट्टी लागली की मराठवाड्यातून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. यातल्या बहुतेक गाड्या रत्नागिरी शहराला वळसा घालून थेट गणपतीपुळ्याला जातात, दर्शन घेतात, लाटांमध्ये भिजतात आणि परत फिरतात.

यात दोन गोष्टी हातून सुटतात. एक म्हणजे रत्नागिरी हे शहर. ब्रह्मदेशाचा राजा, लोकमान्य टिळक आणि सावरकर या तिघांच्याही खुणा इथे एकाच दिवसात पाहता येतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. समुद्र कसा वागतो, हे माहीत नसताना आपण त्यात उतरतो. कोकण किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यात घाटावरून आलेल्यांची नावं वारंवार दिसतात. म्हणून या लेखात काय पाहायचं, काय खायचं याच्याबरोबरच पाण्यात कधी आणि कसं उतरायचं, हेही समजून घेऊया.

आधी थोडक्यात

- कुठे आहे? कोकणात, अरबी समुद्राच्या काठावर. रत्नागिरी हे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे.
- संभाजीनगरहून अंतर? पुणे, सातारा, कराड, आंबा घाट या रस्त्याने साधारण साडेपाचशे किलोमीटर.
- किती दिवस लागतात? शहरासाठी एक, आसपासच्या भागासाठी एक. प्रवासाचे दिवस वेगळे धरा.
- कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. आंबा खायचा असेल तर एप्रिल-मे.
- कोणता वार टाळावा? सोमवार. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात.

जायचं कसं?

रस्त्याने जाणारे बहुतेक जण अहिल्यानगर, पुणे, सातारा करत कराडपर्यंत येतात. तिथून मलकापूरमार्गे आंबा घाट उतरला की साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा असं करत रत्नागिरी येतं. हा प्रवास एका दमात करू नका. पुण्यात किंवा साताऱ्यात मुक्काम करून घाट दिवसाउजेडी उतरावा. पावसाळ्यात घाटात दाट धुकं असतं आणि दरड कोसळण्याचीही भीती असते.

रेल्वेने जायचं असेल तर संभाजीनगरहून देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने ठाण्याला उतरायचं आणि तिथून कोकण रेल्वेची गाडी पकडायची. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी या गाड्या ठाणे आणि रत्नागिरी या दोन्ही ठिकाणी थांबतात. गाडी बदलायला मध्ये किमान दोन तास ठेवा, कारण पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी तुमच्यासाठी थांबत नाही. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात, हेही लक्षात ठेवा.

रेल्वेने गेलात तर रत्नागिरी येण्याआधी उक्षी स्टेशननंतर सावध बसा. इथे करबुडेचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बरीच वर्षं हा देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता.

रत्नागिरी स्टेशन शहराच्या बाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षा मिळतात. शहरात फिरायला एसटीची शहर बससेवाही आहे.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते आणि समुद्र तुलनेने शांत असतो. मार्चपासून दमटपणा वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा जास्त चढतो, पण हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो. कोकणात तो सुकत नाही. त्यामुळे तापमान कमी असूनही थकवा जास्त येतो. दुपारी १२ ते ४ या वेळात किल्ला चढायचा बेत करू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शिमगा असतो. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी तेव्हा शहरातून फिरते. गर्दी चालत असेल तर हा सण नक्की पाहावा.

जून ते सप्टेंबर कोकण सगळ्यात हिरवं असतं. संभाजीनगरात वर्षभरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो. धबधबे, भातखाचरं आणि घाट पाहायला हे दिवस उत्तम आहेत. मात्र समुद्र फक्त लांबून पाहायचा. या काळात जलक्रीडाही बंद असतात.

भरती-ओहोटी: हॉटेलच्या आधी हे बघा

धरणाचं पाणी महिनोन्‌महिने एका पातळीवर असतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा खाली जातं. वर येणं म्हणजे भरती, खाली जाणं म्हणजे ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ जातो. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी दहाला जिथे मोकळी वाळू होती, तिथे तीन दिवसांनी दहा वाजता पाणी असू शकतं.

अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा मोठी भरती येते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती.

कोकणात वेळ काढायची एक जुनी, सोपी युक्ती आहे. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल, तितके वाजता साधारण पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागू होतो. हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ मोबाइलवर रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक शोधून पाहा किंवा हॉटेलवाल्याला विचारा. किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असते.

हे कळलं की दोन चुका टळतात. पहिली चूक म्हणजे वाळूत गाडी नेणं. ओहोटीत ओली वाळू घट्ट वाटते, आपण गाडी पाण्यापर्यंत नेतो, चाक रुततं आणि भरती लागते. मग गाडी ओढून काढायला ट्रॅक्टर किंवा क्रेन शोधत फिरावं लागतं. दुसरी चूक म्हणजे ओहोटीत मोकळ्या झालेल्या खडकांवर फोटोसाठी लांब जाणं. परत वळेपर्यंत मागची वाट पाण्याखाली गेलेली असते.

पाण्यात उतरताना

आपल्याकडे अनेक जण विहिरीत पोहायला शिकलेले असतात. विहिरीचं पाणी उभं असतं, समुद्राचं चालतं. विहिरीत उत्तम पोहणारा माणूसही समुद्रात दमतो, कारण लाट त्याला पुढे ढकलते आणि खालचं पाणी मागे ओढतं.

सगळ्यात मोठा धोका असतो तो परतीच्या प्रवाहाचा. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी कुठून तरी परत आत जायला हवं. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. ओळखायचा कसा? आजूबाजूला लाटा फुटत असतात, फेस दिसतो, पण मध्येच एक पट्टा शांत, गढूळ, लाटा नसलेला दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. खरं तर नेमकी तीच टाळायची असते.

यात सापडलात तर:

- किनाऱ्याच्या दिशेने सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नका. प्रवाह तुमच्यापेक्षा ताकदवान असतो, तुम्ही दमाल.
- तरंगत राहा, हात वर करून मदतीला बोलवा.
- जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहा. पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलात की लाटांबरोबर किनाऱ्याकडे या.

दुसरं कुणी बुडत असेल तर पोहता येत असलं तरी लगेच उडी मारू नका. अशा प्रसंगी वाचवायला गेलेला माणूसही बुडतो. रिकामा कॅन, चेंडू, दोरी, ओढणी असं जे मिळेल ते फेका. जीवरक्षकाला हाक मारा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

गणपतीपुळ्याला विशेष काळजी घ्या. देऊळ अगदी समुद्रासमोर आहे, त्यामुळे दर्शन झालं की लोक थेट पाण्याकडे वळतात. या किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना अनेक वर्षं घडत आल्या आहेत. जीवरक्षक जिथे थांबायला सांगतात तिथेच थांबा. गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका. मुलांचा हात सोडू नका. दारू पिऊन पाण्यात उतरू नका. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, पोहणं टाळाच. भाट्ये इथे काजळी नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीत त्या मुखातून पाण्याला जोराची ओढ असते.

शहरात काय पाहावं?

रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बांधणी बहामनी काळातली मानली जाते. आदिलशाहीकडून तो १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज असा त्याचा प्रवास झाला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ आहे, दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे ज्येष्ठांनाही जमेल. दौलताबादसारखी दमछाक इथे होत नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. दीपगृह पाहायचं असेल तर संध्याकाळची ठरावीक वेळ असते, ती आधी विचारून घ्या. तटाच्या कड्यावर फोटो काढताना मागे सरकू नका. खाली थेट खडक आणि समुद्र आहे.

काळा समुद्र, पांढरा समुद्र. रत्नदुर्गाच्या एका बाजूला मांडवीचा किनारा आहे, तिथली वाळू काळपट. दुसऱ्या बाजूला मिऱ्याकडे पांढुरकी वाळू. म्हणून स्थानिक लोक ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ म्हणतात. काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज असतं. ते ज्या काळ्या अग्निजन्य खडकातून येतं, तो बेसाल्ट आपल्या ओळखीचाच आहे. वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. कोकणातल्या मुसळधार पावसात हाच खडक लाखो वर्षं झिजला, कुजला आणि त्याचा लाल, सच्छिद्र जांभा झाला. इथली घरं, कुंपणं, विहिरी याच जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या दिसतात.

मांडवीला जेट्टी आहे. संध्याकाळी शहरातले लोक इथेच फिरायला येतात. भेळ, पाणीपुरी, समुद्राचा वारा आणि गप्पा, एवढंच इथे करायचं असतं. समुद्रात उतरण्यापेक्षा काठावर बसायला ही जागा चांगली.

थिबा राजवाडा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केलं. त्याला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. मायदेशापासून लांब, रेल्वेही नसलेलं हे गाव इंग्रजांना कैद्यासाठी सोयीचं वाटलं. सुरुवातीची जवळपास चोवीस वर्षं राजा दुसऱ्या बंगल्यांमध्ये राहिला. हा तीन मजली वाडा तयार झाला तो १९१० मध्ये. पुढच्या सहा वर्षांतच, डिसेंबर १९१६ मध्ये, राजाचा इथेच मृत्यू झाला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन या समाधीवर आले होते.

गंमत अशी की त्याआधी इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर याला रंगूनला पाठवलं होतं आणि तो १८६२ मध्ये तिथे वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. वाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे. अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या बघायला विसरू नका. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत दिसतात.

टिळकांचं जन्मस्थान. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतलं हे कौलारू घर सरकारने जतन केलं आहे. पाहायला अर्धा तास पुरतो. जुनं कोकणी घर आतून कसं असायचं, हेही इथे कळतं.

पतितपावन मंदिर. १९२४ मध्ये येरवड्यातून सुटका करताना इंग्रज सरकारने सावरकरांवर रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी घातली. ती १९३७ पर्यंत होती. या काळात त्यांनी अस्पृश्यता निवारणाचं काम केलं. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये खुलं झालं. त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी उचलला. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या स्मशानभूमीची जागाही याच कीरांनी दिलेली आहे.

मत्स्यसंग्रहालय. झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर इथे तासभर काढा. जिवंत मासे आहेत आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडाही.

मिरकरवाडा बंदर. कोकणातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी हे एक. बोटी परततात तेव्हा इथे मासळीचा लिलाव होतो. वास सहन होत असेल तरच जा आणि कामाच्या मध्ये येऊ नका. लोकांचे फोटो काढण्याआधी विचारा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र ही त्याची कारणं. या दोन महिन्यांत ताजी सुरमई, पापलेट मिळणं अवघड असतं. जे मिळतं ते बऱ्याचदा बर्फातलं.

शहराबाहेर: उत्तरेला की दक्षिणेला?

एकच दिवस असेल तर दोन्हीकडे धावू नका. एक दिशा निवडा.

उत्तरेला आरे-वारे मार्गे गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर आहे. हा रस्ता समुद्राला चिकटून जातो आणि वरच्या वळणावरून दोन्ही किनारे दिसतात. गणपतीपुळ्याचा गणपती स्वयंभू मानला जातो, मागचा डोंगर हेच त्याचं रूप अशी श्रद्धा आहे. त्यामुळे प्रदक्षिणा संपूर्ण डोंगराला घालतात. साधारण एक किलोमीटरची ही वाट आहे. अंगारकी, माघी गणेशोत्सव आणि नाताळच्या आठवड्यात तासन्‌तास रांग असते. तिथून अगदी जवळ मालगुंड आहे, केशवसुतांचं गाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचं स्मारक उभारलं आहे. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून तिथे शांतता असते.

दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडला की सुरूच्या बनाचा भाट्ये किनारा आणि नारळ संशोधन केंद्र लागतं. पुढे पावस. इथे स्वामी स्वरूपानंदांची (१९०३–१९७४) समाधी आहे. त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणली. ज्ञानेश्वरांचं आपेगाव आपल्या पैठण तालुक्यात, त्यामुळे मराठवाड्याच्या वारकरी घरातल्या माणसाला पावस परकं वाटत नाही. वेळ असेल तर पुढे मुचकुंदीच्या खाडीवरचा पूर्णगड आणि कशेळीचं कनकादित्य हे सूर्यमंदिर पाहून घ्या.

कातळशिल्पं: जमिनीवर कोरलेली चित्रं

अजिंठ्याची चित्रं भिंतीवर आहेत, कोकणातली जमिनीवर. रत्नागिरी आणि आसपासच्या जांभ्याच्या उघड्या सड्यांवर हत्ती, वाघ, मासे, माणसं आणि न उलगडणाऱ्या भौमितिक आकृत्या कोरलेल्या सापडल्या आहेत. ही शिल्पं हजारो वर्षं जुनी आहेत. कुणी, कधी आणि का कोरली, यावर अजून संशोधन चालू आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या शरीरात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या निवडक कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू ही त्यातली काही ठिकाणं. उक्षी आणि जांभरूण रत्नागिरी शहरापासून तुलनेने जवळ आहेत.

अजिंठा-वेरूळसारखी तिकीट खिडकी, उपाहारगृह अशा सोयी इथे धरून चालू नका. सड्यावर सावली नसते. पाणी, टोपी बरोबर ठेवा, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेषा स्पष्ट दिसतात. स्थानिक माणूस बरोबर घ्या. आणि एक नियम पाळा: शिल्पावर पाय ठेवू नका, त्यात खडू किंवा रांगोळी भरू नका. जांभा ठिसूळ असतो, एकदा झिजला की रेषा परत येत नाही.

संभाजीनगरकरांनी न चुकवण्याचं ठिकाण: संगमेश्वर

आपल्या शहराला ज्यांचं नाव आहे, त्या छत्रपती संभाजी महाराजांना मुघल फौजेने फेब्रुवारी १६८९ मध्ये पकडलं ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरला. मुंबई-गोवा महामार्गावरच हे गाव आहे आणि कोकण रेल्वेवर संगमेश्वर रोड हे स्टेशन. कसबा संगमेश्वरमध्ये कर्णेश्वराचं कोरीव दगडी देऊळ आहे. वेरूळचं कोरीवकाम पाहिलेल्या डोळ्यांनी ते पाहा. जाताना किंवा येताना दोन तास काढले तरी पुरे.

खायचं काय, आणायचं काय?

मासे खाणाऱ्यांनी थाळी मागवताना ‘आज ताजं काय?’ हा प्रश्न आधी विचारावा. बांगडा, बोंबील स्वस्त असतात, सुरमई आणि पापलेट महाग. थाळीतल्या माशाचा दर आकारावर ठरतो, तो ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्या. मासे कधीच न खाल्लेल्यांनी काटे कमी असलेल्या सुरमईपासून सुरुवात करावी. तिसऱ्या, कुर्ल्या पहिल्यांदाच खात असाल तर थोड्याच खा. काहींना कवचाच्या प्राण्यांची ॲलर्जी असते.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. कुळथाचं पिठलं, घावणे, आंबोळी, फणसाची भाजी, उकडीचे मोदक आणि सोलकढी मिळते. भाकरी मात्र तांदळाची असते. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्यांना दोन दिवसांत तिची आठवण येते, हे धरून चला.

आणण्यासारख्या वस्तूंमध्ये आंबापोळी, फणसपोळी, काजू आणि कोकम. कोकमाच्या बाटल्या घेताना फरक लक्षात ठेवा. ‘आगळ’ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तो सोलकढीसाठी. ‘अमृत कोकम’ म्हणजे साखरेचं सरबत. नावं गोंधळली की घरी येऊन सरबत खारट होतं.

हापूस घ्यायचा असेल तर मार्चअखेर ते मे हा हंगाम. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांत पिकणाऱ्या आंब्यालाच हे नाव लावता येतं. महामार्गावरच्या प्रत्येक पेटीवर ‘रत्नागिरी’ लिहिलेलं असतं, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. शक्यतो बागायतदाराकडून घ्या. प्रवास लांबचा असल्याने पिकलेला न घेता अर्धवट तयार आंबा घ्या, नाहीतर घाटातच रस होतो.

दोन दिवसांचा सोपा आराखडा

पहिला दिवस: सकाळी टिळकांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर, मग थिबा राजवाडा आणि थिबा पॉइंट. दुपारी जेवण आणि आराम. साडेतीनला मत्स्यसंग्रहालय, नंतर रत्नदुर्गावर सूर्यास्त, रात्री मांडवी.

दुसरा दिवस: भरतीची वेळ पाहून उत्तर किंवा दक्षिण. उत्तरेला गेलात तर आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड. दक्षिणेला गेलात तर भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी.

परतीच्या वाटेवर: संगमेश्वर.

काही नेहमीचे प्रश्न

*लहान मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर?* सपाट किनारा, ओहोटी संपून भरती नुकतीच लागलेली वेळ आणि आजूबाजूला इतर लोक, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर नको आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. मोबाइल खिशात.

*वृद्ध आई-वडिलांना जमेल का?* शहरातली ठिकाणं जमतील. कातळशिल्पांचे सडे आणि गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा त्यांच्या तब्येतीनुसार ठरवा.

*गणपतीपुळ्याला राहावं की रत्नागिरीत?* गणपतीपुळ्याला समुद्र दारात असतो, पण सुट्टीत दर चढतात. रत्नागिरीत पर्याय जास्त आणि दवाखाने, एटीएम, बसस्थानक जवळ. दोनच दिवस असतील तर शहरात राहणं सोयीचं.

*रोख पैसे लागतात का?* शहरात ऑनलाइन पैसे चालतात. सड्यांवर आणि आडगावात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून थोडी रोकड ठेवा.

निघण्याआधी एवढं करा: कॅलेंडर काढा, जाण्याच्या दिवसांची तिथी पाहा, तिला पाऊणने गुणा आणि ती वेळ घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. नाथसागराच्या काठावर हा हिशोब कधी लागत नाही, रत्नागिरीत रोज लागतो.